बांधावरून सायकल

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरावे, आणि टेकडीवरील चर्चकडे न वळता सायकल खाजन शेतांच्या अंगाने न्यावी. चढ म्हणून नाही. एका बाजूस भात, दुसरीकडे खारफुटी व बगळे. वाचकहो, शहरांतील हौशी मंडळी हल्ली अशा वाटांनी फिरतात, हे बरेच झाले. परंतु चाकांखाली आहे तो केवळ रस्ता नव्हे, बांध आहे, हे त्यांस कोणी सांगावे? चिखल, पेंढा व चिरे यांनी रचलेला हा बांध खारे पाणी अडवितो. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात व ओहोटीस उघडून शेतातील पाणी नदीत सोडतात. काय ही पूर्वजांची युक्ती! पावसाने मातीतील मीठ धुऊन निघाले की भात लावावयाचे. मात्र खेकड्याने पाडलेले भोक वेळीच बुजविले नाही, तर बांध फुटतो, आणि मग खारटपणा सोसणाऱ्या कोरगुटाचेही पीक हातचे जाते. यास्तव पावसाळ्यात भिजलेल्या बांधावर सायकल हातांत धरूनच चालावे. भोक दिसल्यास जवळच्या शेतकऱ्यास त्याच दिवशी कळवावे.