कळफलक डोळे मिटून निवडावा

शाळेसाठी संगणक घ्यावयाचा झाला की आपण काय काय पाहतो? पडदा केवढा, यंत्र किती वेगवान, किंमत किती. कळफलकाची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. सोबत आला तो चालतो. डोळस विद्यार्थ्याचे त्यावाचून अडतही नाही. एखादी कळ सापडली नाही तर तो खाली पाहतो, नाहीतर माऊस हाती घेतो. परंतु तुमच्या वर्गातील अंध विद्यार्थ्याला या दोन्ही गोष्टी शक्य नसतात. त्याच्या दृष्टीने कळफलक हीच लेखणी, तोच माऊस आणि पुस्तकाची पाने उलटणारा हातही तोच. म्हणून त्याच्यासाठी कळफलक घेताना तो डोळ्यांनी न निवडता बोटांनी निवडावा, आणि तोही ज्याला वापरावयाचा त्याच्याच बोटांनी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. त्याची कारणे पाहू.

अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर नावाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ही आज्ञावली कृत्रिम आवाजात वाचून दाखविते. एनव्हीडीए हा असाच एक स्क्रीन रीडर. मायकेल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांच्या प्रयत्नांतून तो उभा राहिला. त्याचे काम २००६ साली सुरू झाले. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. त्याला सूचना द्यावयाच्या त्या कळांनी. एखादे संकेतस्थळ वाचताना ‘एच’ ही कळ दाबली की तो पुढच्या शीर्षकावर उडी घेतो. इन्सर्ट आणि ‘एफ ७’ या कळा एकत्र दाबल्या की पानावरील दुव्यांची व शीर्षकांची यादी समोर येते. कळफलकाच्या उजव्या टोकाला आकड्यांच्या कळांचा जो चौकोन असतो, ज्याला नंबर पॅड म्हणतात, त्यातील वरच्या रांगेने ओळ, मधल्या रांगेने शब्द आणि खालच्या रांगेने एकेक अक्षर वाचता येते. ‘परीक्षा’ या शब्दात ऱ्हस्व की दीर्घ, हे तपासावयाचे तर हीच वाट.

आता एक सोपा प्रयोग करा. केसांत लावायची पिन घेऊन तिची दोन टोके सुमारे अर्धा सेंटिमीटर अंतरावर ठेवा. मित्राला डोळे मिटायला सांगून ती टोके एकाच वेळी त्याच्या बोटाच्या अग्रावर हलकेच टेकवा. दोन टोके आहेत, हे तो लगेच सांगेल. तीच पिन त्याच्या कोपराखालच्या हातावर टेकवा. तेथे त्याला एकच टोक जाणवेल. बोटाच्या अग्राला दोन-तीन मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे कळतात. कोपराखालच्या हाताला त्यासाठी तीन-चार सेंटिमीटर अंतर लागते. ब्रेल लिपीतील शेजारच्या दोन टिंबांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर ठेवलेले असते, त्यामागे हेच कारण आहे.

असे हे तल्लख बोट कळफलकावर काय शोधते? ते खुणा शोधते. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवर तसेच नंबर पॅडमधील ५ वर एक बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तेथे टेकल्या की बाकीच्या कळा अंतराने ओळखता येतात. साधारण आकाराच्या कळफलकावर शेजारच्या दोन कळांच्या मध्यबिंदूंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. दुसरी खूण म्हणजे मोकळी जागा. वरच्या बारा ‘एफ’ कळा चार-चारांच्या गटांत असतील तर ‘एफ ७’ म्हणजे दुसऱ्या गटातील तिसरी कळ, हे बोट चटकन ओळखते. त्याच बारा कळा सलग चिकटवून बसविल्या, म्हणजे पट्टीवरचे आकडे पुसून लांबी मोजायला सांगण्यासारखेच झाले! पुष्कळशा लॅपटॉपवर नेमके हेच घडते. त्यातून नंबर पॅड नसतो तो नसतोच.

येथे एका गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे. ‘अंधांसाठी’ म्हणून पुष्कळदा पिवळ्या कळांवर ठळक काळी अक्षरे छापलेला कळफलक आणला जातो. ज्यांना अंधुक का होईना दिसते, त्यांना तो खरोखर उपयोगी आहे. पण ज्याला मुळीच दिसत नाही, त्याला पिवळा काय आणि काळा काय! त्या कळफलकाचे उंचवटे ठसठशीत नसतील, तर जास्त पैसे मोजून कमी उपयोगाची वस्तू घेतली असे होते. प्रत्येक कळेवर ब्रेलची चिकटपट्टी लावणे ही दुसरी कल्पना. शिकण्याच्या पहिल्या काही दिवसांत तिचा आधार होतो. पुढे मात्र प्रत्येक कळ वाचत बसण्याची सवय वेगाच्या आड येते. त्यापेक्षा नेहमी चुकणाऱ्या दोन-तीन कळांवरच एकेक उठाव चिकटवावा.

मराठी टंकलेखनाच्या बाबतीत तर अंध विद्यार्थी आपल्यापेक्षा सुखी म्हणावा लागेल. भारतीय भाषांसाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट ही कळरचना प्रमाण ठरविली. तिच्यात स्वर डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे येतात. डाव्या तर्जनीच्या उंचवट्याखाली ऱ्हस्व वेलांटी, तर उजव्या तर्जनीखाली ‘र’. त्याच्या शेजारी ‘क’ आणि ‘त’. मराठी अक्षरे छापलेले कळफलक सहज मिळत नाहीत ही डोळसांची अडचण झाली. जो कळांकडे पाहतच नाही, त्याला कोणताही चांगला कळफलक मराठीच आहे.

आता सोयीचा विचार करू. कळ दाबण्यास साधारणतः ४५ ते ६० ग्रॅम वजनाइतके बल लागते आणि पूर्ण आकाराच्या कळफलकावर ती सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते. बल ०.६ न्यूटन धरले, तर एका कळेमागे कार्य फार तर ०.००२४ ज्यूल. एका पानाला दोन हजार वेळा कळा दाबल्या असे समजू. एकूण कार्य पाच ज्यूलही भरत नाही. एक लिटर पाण्याची बाटली जमिनीपासून अर्धा मीटर उचलण्याइतकेच ते आहे. मग हात का दुखतात? पाण्याने भरलेली बादली नुसती धरून उभे राहा, म्हणजे उत्तर मिळेल. भौतिकशास्त्राच्या भाषेत तुम्ही कार्य केलेले नाही, तरी हात भरून येतो. मनगट वाकडे करून तासभर ठेवले तरी तेच होते.

कळफलकाच्या मागच्या बाजूस दोन पाय असतात. ते उघडले की कळफलक तिरपा होतो. कळा डोळ्यांना नीट दिसतात, परंतु मनगट मागे मुडपते. ज्याला कळा पाहावयाच्याच नाहीत, त्याने हे पाय मिटून ठेवावेत. त्याच्यासमोर पडदा असण्याचेही कारण नाही. तेव्हा कळफलक कोपराच्या उंचीवर, अगदी अंगाजवळ ठेवता येतो, मांडीवरसुद्धा घेता येतो. इन्सर्ट कळ दूर असल्याने सारखा हात ताणावा लागत असेल, तर एनव्हीडीएमध्ये तिचे काम कॅप्स लॉककडे सोपविता येते.

कळ दबली हे बोटाला कळणे हीसुद्धा मोठी सोय आहे. साध्या कळफलकात कळेखाली रबराची टोपी असते. दाब वाढत जातो, मग टोपी एकदम बसते आणि विरोध घटतो. तोच ‘टप्प’ असा संकेत. काचेच्या सपाट पडद्यावर विस्थापनही नाही आणि संकेतही नाही; बोटे टेकवून विसावायचीही सोय नाही. मात्र कळांचा आवाज फार मोठा नको. स्क्रीन रीडरचा बारीक आवाज त्यात बुडून जातो, आणि शेजारच्या बाकावरील मुलांनाही त्रास होतो.

कानांचाही विचार हवा. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज सेकंदाचा एक-दोन दशांश भाग उशिरा पोहोचू शकतो. गाणे ऐकताना ते कळत नाही; पण कळ आता दाबली आणि अक्षर मागाहून ऐकू आले, तर लिहिणारा गोंधळतो. म्हणून तारेचा हेडफोन बरा. तो दोन्ही कान घट्ट झाकणारा नसावा. अंध विद्यार्थ्याला वर्गात काय चालले आहे, हेही कानांनीच कळत असते.

कोणी म्हणेल, आता फोनला बोलून मजकूर लिहविता येतो, मग कळफलकाचा एवढा खटाटोप कशाला? पण भर वर्गात किंवा परीक्षेत बोलून कसे लिहिणार? आणि शुद्धलेखन, विरामचिन्हे, गणिती चिन्हे यांचे काय? दुसरी शंका पैशांची. त्याचे उत्तर सोपे आहे. वर सांगितलेल्या सर्व खुणा असलेला तारेचा साधा कळफलक काही शे रुपयांत मिळतो, आणि एका छोट्या जोडणीने तो बहुतेक अँड्रॉइड फोनलाही लावता येतो.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. अंध विद्यार्थ्याचा पेपर पुष्कळदा लेखनिक लिहितो. लेखनिक कितीही प्रामाणिक असला, तरी उत्तर दुसऱ्याच्या हातून उतरते. २०१८ साली केंद्र शासनाने दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत संगणकावर परीक्षा देणाऱ्यास यंत्र एक दिवस आधी तपासू द्यावे आणि कळफलकासारखी साधने वापरू द्यावीत, असे म्हटले होते. हाताला सवयीचा कळफलक परीक्षेत असणे किती मोलाचे आहे, हे त्यात ओळखलेले आहे. पण सवय व्हायला तो कळफलक आठवी-नववीतच हाती पडला पाहिजे.

म्हणून शिक्षकांना विनंती, की दरपत्रके मागविण्यापूर्वी त्या विद्यार्थ्यालाच दुकानात न्यावे. तीन-चार कळफलक त्याच्यापुढे ठेवावेत, प्रत्येकावर एकेक परिच्छेद लिहू द्यावा आणि कोणत्यावर कमी चुका झाल्या ते पाहावे. आणि मित्रांनो, तुम्हीही एकदा डोळे मिटून तुमच्या शाळेच्या कळफलकावर ‘एफ ७’ शोधून पाहा. सापडली नाही, तर तो कळफलक तुमच्या अंध वर्गमित्राच्या कामाचा आहे की नाही, हे वेगळे सांगावयास नको.