निबंधातल्या बेटावर माणसं कुठे आहेत?



'बेटावरील सुट्टी' हा निबंध वर्गात दिला की वह्यांमध्ये काय येतं? निळाशार समुद्र, पांढरी वाळू, नारळाची झाडे, मोठं हॉटेल आणि शेवटी 'खूप मजा आली'. सगळ्या वह्यांत एकच बेट, आणि त्यावर राहणारा माणूस एकही नाही! माझं स्पष्ट मत आहे, हा निबंध माणसांपासून लिहायला शिकवावा.

मॉरिशसचंच उदाहरण घ्या. हिंदी महासागरातलं हे बेट साधारण १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या अंदाजे आठव्या हिश्श्याएवढं. भोवती प्रवाळाची भिंत असल्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच फुटतात. म्हणून किनारे शांत आणि म्हणूनच तिथे रिसॉर्टची गर्दी.

पण राजधानी पोर्ट लुईत आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांत राबायला आणलेले भारतीय गिरमिटिया मजूर तिथल्या दगडी पायऱ्या चढून बेटावर आले. त्यांत आपली मराठी माणसंही होती. २००६ साली युनेस्कोने हा घाट जागतिक वारसा ठरवला. आजही तिथल्या शाळांत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. हे मुलांना सांगितलं, तर ते बेट परकं राहील का?

कोणी म्हणेल, "अहो, लहान मुलं ती, मजेचं लिहू द्या की!" मजा लिहावीच. पण आपल्या पवनानगरचा विचार करा. शनिवार-रविवारी पवना जलाशयाकाठी तंबू लागतात. पाहुणे शेकोटी, तलाव, तुंग-तिकोन्याचे फोटो घेऊन जातात. पाण्याखाली गेलेली शेतं आणि धरणग्रस्तांचा अजून न सुटलेला जमिनीचा प्रश्न त्या फोटोत येत नाही. पाहुण्यांसाठी पिठलं-भाकरी करणारी आई आणि सोमवारी कचरा उचलणारा काकाही येत नाही. शहरातल्या मुलाने 'पवना म्हणजे तंबू' असं लिहिलं, तर आपली मुलं विचारतील, "मग आम्ही कुठे गेलो?"

तोच प्रश्न बेटावरचं मूलही विचारू शकतं, नाही का?

म्हणून लिहिण्याआधी तीन प्रश्न फळ्यावर द्या. इथे कोण राहतं? ते इथे कसे आले? आपल्या सुट्टीत कोणाचं काम वाढतं?

आणि एक. जी मुलं कधीच सुट्टीला बाहेर गेली नाहीत, त्यांना कल्पनेतला समुद्र लिहायला लावू नका. 'आमच्या गावी सुट्टीला आलेले पाहुणे' हा विषय द्या. त्या निबंधालाही तेवढेच गुण द्या. पालकांनीही घरी आधी मुलांशी बोलावं, तयार निबंध मोबाईलवरून उतरवून देऊ नये.