सर्व्हर असावा सडाफटिंग!

घर बदलताना सामान बांधायला घेतले की एक गोष्ट हमखास ध्यानात येते. माळ्यावरची निम्मी भांडी वर्षानुवर्षे खाली उतरलेलीच नसतात! तरी ती जागा अडवतात आणि झुरळांना आसरा देतात. संगणकाचेही काहीसे असेच असते.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरवत रात्रंदिवस चालू राहणारा संगणक. वाचनालयाची पुस्तकसूची, शाळेचे निकाल, पतसंस्थेची खाती त्याच्यावर असतात. त्याच्यासमोर बसून कुणी सिनेमा पाहणार नसते की पत्ते खेळणार नसते. मग त्यावर चित्रांचा आणि खिडक्यांचा पसारा हवा कशाला? जितके प्रोग्रॅम जास्त, तितके चोराला दरवाजे जास्त.

म्हणून जाणकार मंडळी सर्व्हरवर मोजकेच लिनक्स बसवतात. लिनक्सचा गाभा फिनलंडच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची साधने त्याला जोडली गेली. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. मुक्त आणि फुकट हे शब्द मराठीत वेगळे आहेत, हे बरेच झाले! वापरणे, आतून तपासणे, बदलणे आणि दुसऱ्याला देणे, अशी चार स्वातंत्र्ये इथे मिळतात. पैसे वाचतात तो वरचा लाभ.

उदाहरणादाखल डेबियन घेऊ. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये ते सुरू केले. मैत्रीण डेब्रा आणि स्वतःचे इयान, ही दोन नावे जोडून डेबियन झाले. त्याची 'नेटइन्स्ट' ही छोटी प्रत उतरवून घ्या, ती अस्सल असल्याची खात्री तिच्या चेकसमशी ताडून करा आणि पेन ड्राइव्हवर चढवा. मात्र सर्व्हरची डिस्क पुसली जाणार असते, म्हणून जुन्या माहितीची नक्कल आधी दुसरीकडे काढून ठेवा. भाषा, वेळ, डिस्कचे भाग असे प्रश्न संगणक एकेक करून विचारतो. 'रूट' या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड कोरा सोडला, तर ते खाते बंद राहते आणि गरजेपुरते अधिकार तुमच्या नेहमीच्या खात्याला मिळतात.

खरी परीक्षा पुढे आहे. 'काय काय बसवू?' असे विचारणारी यादी समोर येते. तिथे डेस्कटॉपपुढची खूण काढून टाका. दुरून काम करण्यासाठी एसएसएच सर्व्हर आणि नेहमीची साधने, एवढेच ठेवा. डेबियन १२ च्या मार्गदर्शिकेने डेस्कटॉपसाठी २ जीबी मेमरी सुचवली होती, त्याविना मात्र ५१२ एमबी! अडगळीतला संगणकही अशा वेळी कामाला येतो.

मुक्त आहे म्हणून निर्धास्त राहावे का? मुळीच नाही. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइल आवळणाऱ्या साध्याशा सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. एसएसएचच्या प्रवेशाला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या नजरेत भरले. सारे सॉफ्टवेअर उघडे असल्याने त्यांना मुळापर्यंत जाता आले. डेबियनच्या चाचणीच्या आवृत्तीत ते शिरले होते, स्थिर आवृत्ती मात्र बचावली. तेव्हा सर्व्हरसाठी नेहमी स्थिर आवृत्तीच घ्यावी. नव्याची नवलाई घरच्या संगणकावर करावी.

बसवून झाले की सुरक्षा-सुधारणा आपोआप येतील अशी सोय करा. दर आठवड्याला माहितीची नक्कल काढा आणि ती परत उघडते ना, हेही पाहा. पुढे एखादा नवा प्रोग्रॅम टाकण्याचा मोह झाला, तर आधी एकच विचारा: हा नसला तर कुणाचे काम अडेल? कुणाचेच अडणार नसेल, तर तो बाहेरच बरा. पतसंस्थेत ठेवलेली कुणाच्या तरी आयुष्याची पुंजी त्या संगणकाच्या भरवशावर असते.