पसली चलतेय, आणि घर परवानगीची वाट बघतंय

आमच्या घरांत म्हणतात, 'बच्चे की पसली चल रही है'. शेजारची मराठी काकू म्हणते, 'बाळाचं पोट उडतंय'. कुणी 'डब्बा झाला' म्हणतं. दोन्ही भाषा शिकवत असल्यामुळे मला या शब्दांचं कौतुक वाटतं. श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते, हे लक्षण डॉक्टर पुस्तकात शिकतात. आमच्या दादी-नानीने ते नुसत्या डोळ्यांनी हेरलं आणि त्याला नावही दिलं. म्हणजे ओळखण्यात आपण कमी पडत नाही. मग बाळं निळ्या ओठांनी दवाखान्यात का पोचतात?

कारण पसली दिसली की आपलं घर दवाखाना सोडून बाकी सगळं करतं. छातीला बाम, खोलीत लोबान, दम केलेलं पाणी, मेडिकलमधून 'मागच्या वेळी दिलं होतं तेच' सिरप. आणि जिला रात्री दोन वाजताच कळलेलं असतं की काहीतरी बिघडलंय, ती बावीस वर्षांची आई सासूच्या तोंडाकडे बघत बसलेली. सासू मुलाच्या फोनची वाट बघतेय. मुलगा कुवेतला ड्यूटीवर.

या आजाराचं नाव ब्रॉन्किओलायटिस. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, सहा महिन्यांच्या आत जास्त त्रास देतो. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा विषाणू कारण असतो. मोठ्यांना तो साधी सर्दी देतो आणि शाळेतून आलेला थोरला भाऊ तोच बाळाच्या गालावर ठेवून जातो. बाळाच्या फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या सुजतात, चिकट कफाने भरतात. सुरुवात नाक वाहण्याने होते, म्हणून कुणी मनावर घेत नाही. आजार जोर धरतो तो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. नेमकं तेव्हाच 'दोन दिवस झाले, आता उतरेल' असं म्हणत आपण निवांत झालेलो असतो.

मेळघाटात पोटफुगीवर तान्ह्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके दिल्याची बातमी आली की आपण स्टाफरूममध्ये हळहळतो. कसे हे लोक, म्हणतो. आणि शहरात आपण काय करतो? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची मुलं खोकल्याच्या औषधातल्या विषाने गेली, किडन्या निकामी होऊन. त्यातली कितीतरी नागपूरला उपचाराला आणली होती. त्याच वेळी केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका. आपल्या फ्रिजच्या दारात अजून बाटली आहेच. सिरप बिनविषारी असलं तरी या आजारात त्याचा उपयोग नाही. अँटिबायोटिकचाही सहसा नाही, कारण विषाणूवर ते चालत नाही. पण डॉक्टरने काही लिहून दिलं नाही तर 'कसला डॉक्टर, नुसतं बघून पैसे घेतले' म्हणणारे आपणच. मग गल्लीतला डॉक्टरही शहाणा होतो, इंजेक्शन टोचतो, भाड्याचं नेब्युलायझर लावून देतो. दम्यात नळ्यांभोवतीचे स्नायू आवळलेले असतात, तिथे ते औषध खुलून काम करतं. इथे नळी आतून सुजलेली आणि भरलेली, तिथे त्याचा फारसा फायदा होत नाही.

वाफेचं तर नावच काढू नका. गरम पातेल्याने भाजलेली बाळं वॉर्डात असतात. लोबान, मच्छर अगरबत्ती आणि दादांची बिडी, तिन्ही खोलीबाहेर. लोबानने नजर उतरते की नाही यावर मी वाद घालणार नाही. धुराने सुजलेली नळी आणखी सुजते, एवढं माझ्यापुरतं पुरे.

घरी करायचं ते साधं आहे. तान्हं बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं, नाक बंद असलं की त्याला दूध ओढता येत नाही. म्हणून पाजण्याआधी नाकात सलाईनचे थेंब. दूध थोडं थोडं, पण जास्त वेळा. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको, दम केलेलंही नको.

आणि मोजायचं. बाळ शांत असताना, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त श्वास भरले तर डॉक्टर गाठायचा. आठवीच्या मुलींना मी हे वर्गात शिकवते, कारण घरी धाकट्या भावंडाला तीच सांभाळते. पसली चलतेय, कण्हल्यासारखा आवाज येतोय, नेहमीच्या निम्मंही दूध जात नाही, बारा तास लंगोट ओला नाही, बाळ मलूल झालंय, ओठ निळे पडलेत किंवा श्वास मध्येच थांबतोय, यातलं एकही दिसलं तर मोजतसुद्धा बसू नका. कमी दिवसांचं किंवा महिन्या-दीड महिन्याचं बाळ तर पसली न चालवताच श्वास थांबवू शकतं. अशा बाळाला लागतो ऑक्सिजन, आणि तो बरणीत मिळत नाही.

दुआ करायची नाही का, असं मला विचारलं जातं. करा की. रिक्षात बसून करा. उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, हे मकतबमधल्या पोरालाही पाठ असतं.

पैशांचं निमित्तही सांगू नका. १०८ ची गाडी फुकट येते आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार करायची योजना आहे. अडतं ते परवानगीपाशी. म्हणून माझी मागणी सुनेकडे नाही, सासू-सासऱ्यांकडे आणि कुवेतच्या साहेबांकडे आहे. चिल्ला संपायच्या आत, बाळ ठणठणीत असताना, सगळ्यांसमोर तिला सांगून टाका: पसली चलताना दिसली तर कुणाला विचारू नकोस, निघ. तिच्या उशाखाली पाचशे रुपये आणि नाक्यावरच्या रिक्षावाल्याचा नंबर ठेवा. आणि ती सकाळी परत आली, डॉक्टर म्हणाले काही नाही, साधी सर्दी आहे, तरी 'उगाच धावपळ केली' हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही. पुढच्या वेळी ती त्याच वाक्याला घाबरून थांबेल.