चहापत्तीतले शिसे: भीती किती, काळजी कोणती?

‘चहात शिसे सापडले’ असा मेसेज वाचून तुम्ही कप बाजूला ठेवला असेल, तर आधी त्यातला आकडा कशाचा आहे ते पाहा.

भारतात कोरड्या चहापत्तीत शिशाची मर्यादा किलोमागे 10 मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यात ती लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘हजारपट विष’ म्हणणे चूक, कारण आपण पत्ती खात नाही. एका कपाला साधारण 2 ग्रॅम पत्ती लागते. ती मर्यादेच्या काठावरची असली तरी त्यात 20 मायक्रोग्रॅम शिसे असेल. त्यातला काही भागच चहात उतरतो, उरलेला चोथ्यात राहतो. पत्ती जास्त वेळ उकळली तर जास्त उतरतो.

काळजी कोणी घ्यावी?

लहान मुले आणि गर्भवतींनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी पूर्ण सुरक्षित नाही. शरीरात लोह कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते, आणि जेवणासोबतचा चहा अन्नातले लोह शोषू देत नाही. म्हणून मुलांना चहा देऊ नका. मोठ्यांनी जेवणानंतर तासभर थांबून घ्यावा.

यवतमाळकरांनी पाणीही पाहावे

जिल्ह्यात पांढरकवडा परिसराच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ते चालते. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. चहाच्या पानातही ते निसर्गतः असते. म्हणजे बोअरच्या पाण्याचा कडक चहा दिवसातून पाच-सहा वेळा घेतला, तर दोन्हीकडचे फ्लोराइड पोटात जाते. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग किंवा मोठ्यांचे सांधे आखडणे दिसले, तर डॉक्टरांना पाण्याचा स्रोतही सांगा.

काय कराल?

- सीलबंद, परवाना क्रमांक असलेली पत्ती घ्या, सुटी टाळा.
- पत्ती दोन-तीन मिनिटेच उकळा. तीच पुन्हा वापरू नका.
- बोअरचे किंवा हापशीचे पाणी ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्या.
- पत्तीबद्दल शंका असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. कायद्यानुसार ग्राहकही शुल्क भरून नमुना तपासून घेऊ शकतो.
- ‘शरीरातले धातू काढणारी’ औषधे स्वतःहून घेऊ नका. शंका असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील शिशाची तपासणी करा.