रोमन शांतीचे गोडवे आता पुरे



प्रायश्चित्तकाळ लागला की आमच्याकडे दुःखसहनाच्या नाटकाच्या तालमी सुरू होतात आणि दरवर्षी तेच भांडण होते. प्रेषित व्हायला कोणी तयार नसते. मुलांना रोमन शिपाई व्हायचे असते, कारण पुठ्ठ्याचे चिलखत, टोपावर ब्रशचा तुरा आणि हातात भाला. सर्वांत मोठी मारामारी पिलाताच्या तांबड्या झग्यासाठी असते. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आमच्या धर्मग्रामातली कितीतरी घरे लष्करातली. आणि आपल्या मराठी बायबलात पिलाताला 'सुभेदार' म्हटले आहे. एका मुलाने वर्गात विचारले, "सर, पिलात म्हणजे रिटायर झालेला सुभेदार काय?" आम्ही हसलो. घरी जाताना मात्र हसू आले नाही. त्या मुलाच्या डोळ्यांसमोर गल्लीतले एक सज्जन, शिस्तीचे आजोबा उभे राहिले असणार. आणि तशी समजूत त्याला आम्हीच करून दिली होती.

आम्ही म्हणजे धर्मशिक्षक, उपदेशक, नाटक लिहिणारे. वर्षानुवर्षे आम्ही दोन गोष्टी शिकवत आलो. एक अशी की देवाने सुवार्तेसाठी रोमन साम्राज्य तयार केले: रस्ते बांधून घेतले, समुद्रातले चाचे हटवले, कायदा आणला, जगभर शांतता केली आणि मग आपला पुत्र पाठवला. दुसरी अशी की पिलात बिचारा मनाने चांगला होता, त्याने सोडवायचा प्रयत्न केला, पण यहूदी जमावापुढे त्याचे काही चालले नाही. पहिले वाक्य ऐकायला भक्तिमय वाटते आणि दुसरे दयाळू. दोन्ही बंद करावीत, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

पहिल्या मताला थोर पाठीराखे आहेत हे मान्य. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने ते मांडले, पुढे युसेबियसने ते आणखी रंगवले. पौल रोमन रस्त्यांवरून चालला, हेही खरेच. पण ते रस्ते कशासाठी होते? पलटणी लवकर पोहोचाव्यात, सरकारी टपाल धावावे, यासाठी. आणि त्या टपालाला, त्या पलटणींना वाटेतल्या गावांनी जनावरे, गाड्या आणि माणसे पुरवायची. शिपायाने बोट दाखवले की शेतकऱ्याने खांद्यावर ओझे घ्यायचे. या वेठीला जो ग्रीक शब्द होता तो शुभवर्तमानात आला आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो की कोणी एक मैल धरून नेले तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, तिथे हाच शब्द आहे. आणि सत्ताविसाव्या अध्यायात कुरेनेकर शिमोनाला क्रूस वाहायला धरतात, तिथेही हाच. क्रूसाच्या वाटेच्या पाचव्या स्थानी आपण शिमोनाला 'मदतीला धावून आलेला' म्हणतो. तो धावून आलेला नव्हता, रानातून घरी परतत होता. त्याला वेठीला धरले. रोमन रस्त्याची कहाणी त्याला विचारा.

आता शांतता. ऑगस्तस कैसराच्या काळी, इ.स.पू. ९ मध्ये, रोममध्ये शांतिदेवतेची संगमरवरी वेदी अर्पण झाली. ती उभी राहिली युद्धदेवता मार्सच्या नावाच्या मैदानात. जागा अगदी योग्य निवडली म्हणायची, कारण ऑगस्तसाने स्वतःच आपल्या शिलालेखात सांगितले आहे की जमिनीवर आणि समुद्रावर विजयांनी शांतता झाली म्हणजे यानुस देवाच्या मंदिराची दारे लावत आणि त्याच्या कारकिर्दीत ती तीनदा लागली. म्हणजे शांतता ही विजयानंतरची गोष्ट. हरलेल्याला तिची व्याख्या कोणी विचारत नसे.

त्याच इ.स.पू. ९ सालचा आशिया प्रांतातला एक लेख प्रिएने शहरी सापडला आहे. वर्षाचा आरंभ ऑगस्तसाच्या वाढदिवसापासून धरावा असा तो ठराव. त्यात त्याला तारणारा म्हटले आहे, देव म्हटले आहे आणि त्याच्या जन्माने जगाला शुभवार्ता सुरू झाल्या असे म्हटले आहे. शब्द तोच, ज्याला आपण सुवार्ता म्हणतो. नाण्यांवर तर तो 'देवाचा पुत्र' होताच, कारण त्याचा दत्तक बाप यूलियस कैसर याला मेल्यावर देव ठरवले होते. बंधुभगिनींनो, मार्काने आपल्या शुभवर्तमानाची पहिली ओळ लिहिली तेव्हा हे सगळे शब्द आधीच कोणाच्या तरी मालकीचे होते. ते त्याने कैसराकडून काढून नासरेथच्या एका सुताराला दिले. आणि आपण ख्रिस्तसभेत उभे राहून ते पुन्हा कैसराला परत करतो, "त्याच्या शांतीमुळेच सुवार्ता पसरली" म्हणून!

नासरेथचे घ्या. प्रभूच्या जन्माच्या आसपासच, हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये वारल्यावर, बंड झाले. सिरियाचा रोमन अधिकारी वारूस पलटणी घेऊन उतरला. योसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो की नासरेथपासून पाच-सहा किलोमीटरवरचे सेफोरिस शहर जाळले आणि तिथल्या लोकांना गुलाम केले. यरुशलेमेभोवती सुमारे २,००० माणसे क्रूसावर दिली. मरियेच्या गावात त्या वर्षी कोणाकोणाचे नातलग गेले असतील याचा विचार नाताळच्या गोठ्यापुढे आपण कधी करतो का? प्रभू ज्या गावात वाढला तिथे क्रूस म्हणजे काय ते लहान पोरालाही ठाऊक असणार. "आपला क्रूस उचलून माझ्यामागे या" हे ऐकणाऱ्यांना त्यात आपल्यासारखा संधिवात किंवा सासूचा जाच आठवला नसेल.

क्रूस हा गुलामांचा आणि बंडखोरांचा मृत्यू होता. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्याकडेने ६,००० गुलाम टांगले. येणाऱ्याजाणाऱ्याने पाहावे म्हणूनच रस्त्याकडेला. म्हणजे या रस्त्यांचा असाही एक उपयोग होता. ज्यांना वाटते की गुलामगिरी हा त्या समाजाच्या काठावरचा एक डाग होता, त्यांनी इ.स. ६१ ची गोष्ट वाचावी. रोमचा नगराधिकारी पेदानियस सेकुंदस याला त्याच्याच एका गुलामाने मारले. जुना रिवाज असा की अशा वेळी त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. त्या घरात ४०० होते, बायका आणि मुले धरून. रोमचे सामान्य लोक चिडून रस्त्यावर आले, हे त्यांच्या श्रेयाचे. पण कायद्याचा नामांकित पंडित गायस कासियस सेनेटमध्ये उभा राहिला आणि त्याने भाषण केले की भीतीशिवाय ही गर्दी ताब्यात राहणार नाही. नीरोने रस्त्यावर दुतर्फा शिपाई उभे केले आणि चारशेही मारले गेले. हाच तो रोमन कायदा, ज्याचे आपण गुण गातो. जवळपास याच वर्षांत पौल रोममध्ये कैदेत होता. फिलेमोनाला लिहिलेले पत्र, पळून आलेल्या अनेसिमाला गुलाम म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून परत घे असे सांगणारे, पुष्कळांच्या मते याच कैदेतले. चारशे प्रेतांच्या शेजारी ठेवून ते एक पान वाचा. मग कळेल की पौल शिष्टाचाराचे पत्र लिहीत नव्हता.

आता सुभेदारसाहेबांकडे येऊ.

पिलात इ.स. २६ ते ३६, तब्बल दहा वर्षे यहूदीयात होता. १९६१ मध्ये कैसरियात सापडलेल्या दगडावर त्याचे नाव आणि 'प्रीफेक्ट' हा हुद्दा आहे. हा मुळात लष्करी हुद्दा. त्याच्या हाताखाली पूर्ण पलटण नव्हतीच, त्या सिरियात असत. त्याच्याकडे सुमारे तीन हजारांची मदतनीस फौज होती आणि ती बहुतेक सेबास्ते आणि कैसरिया इथून, म्हणजे तिथल्याच मुलखातून, भरती केलेली. काट्यांचा मुकुट घालणारे बहुधा इटलीचे नव्हते, शेजारच्या गावचे गरीब होते, ज्यांना पंचवीस वर्षे चाकरी केली की नागरिकत्व मिळण्याची आशा होती. शेजाऱ्याच्या हातून शेजाऱ्याला मारवणे ही साम्राज्यांची जुनी हातोटी. आपल्या देशाला ती कोणी शिकवायला नको.

हा पिलात मनाचा मऊ होता काय? लूकाच्या तेराव्या अध्यायाचे पहिलेच वचन काढा. गालिलातले काही लोक यज्ञ करत असताना पिलाताने त्यांचे रक्त सांडले, ही बातमी लोक प्रभूला सांगतात. योसेफस सांगतो की त्याने कैसराच्या प्रतिमा असलेली निशाणे रात्रीतून यरुशलेमेत आणली. लोक कैसरियाला चालत गेले आणि पाच दिवस त्याच्या वाड्याबाहेर पडून राहिले. सहाव्या दिवशी त्याने शिपायांचा वेढा घातला, तलवारी उपसल्या. तेव्हा त्या लोकांनी जमिनीवर पडून माना उघड्या केल्या: मारा, पण आमचे नियमशास्त्र मोडणार नाही. पिलाताने निशाणे परत नेली. हातात शस्त्र न घेता सुभेदाराला नमवणारे हे ते यहूदी, ज्यांना आमच्या नाटकात चौदा वर्षांची पोरे काळ्या दाढ्या लावून नुसती ओरडताना दाखवतात. पुढे मंदिराच्या पैशातून पाण्याचा पाट बांधला म्हणून लोक ओरडले, तेव्हा त्याने साध्या कपड्यांतले शिपाई गर्दीत पेरले आणि सोटे चालवले. शेवटी शोमरोनी लोकांची कत्तल केली म्हणून त्याला रोमला परत बोलावले गेले.

अशा माणसाने त्या दिवशी हात धुतले. ज्याच्या हातात दंडाधिकार आहे त्याने "माझा संबंध नाही" म्हणणे यालाच आपण सज्जनपणा समजत आलो. मुख्य याजकांचा दोष आम्ही पुसत नाही, शुभवर्तमान तो सांगतेच. पण खिळे ठोकण्याचा हुकूम एकाच माणसाचा होता, म्हणून तर श्रद्धेच्या अंगीकारात मरियेखेरीज पिलाताचेच नाव आहे. संपूर्ण यहूदी लोकांवर दोष टाकता येणार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी लेखी सांगितले. साठ वर्षे झाली, आमच्या नाटकाच्या वहीपर्यंत ते पोहोचलेले नाही. ही लहान चूक नव्हे. त्या ओरडणाऱ्या दाढ्यांच्या पायी युरोपात शतकानुशतके गुड फ्रायडेला यहूदी घरांची दारे आतून बंद राहत.

कोणी म्हणेल, कफर्णहूमचा शताधिपती? कर्नेल्य? क्रूसाखालचा तो? त्यांचा विश्वास आम्हालाही आदर्श आहे. पण प्रभू जकातदाराच्या घरी जेवला म्हणून जकात न्याय्य ठरली नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना नोकरी सोडा म्हटले नाही, खंडणी घेऊ नका, पगारात समाधानी राहा म्हटले. त्यावरून ते काय करत होते ते दिसते. सामान्य शिपायाचीही दैना होती. वर्षाला २२५ देनारी पगार, त्यातून अन्न, कपडे, हत्यारे यांची कपात. इ.स. १४ मध्ये डॅन्यूबकाठच्या पलटणी बिथरल्या तेव्हा त्यांनी एका शताधिपतीला ठार केले, ज्याचे टोपणनाव 'आणखी एक आण' असे पडले होते. शिपायांच्या पाठीवर तो वेताची काठी मोडेपर्यंत मारी आणि मग दुसरी मागवी. आमच्या लष्करी घरांनी राग मानू नये. शिपायाला आम्ही काही बोलत नाही, त्याला जो जिथे पाठवतो त्याच्याबद्दल बोलतो आहोत.

आणि रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय? तो लिहिणाऱ्या पौलाची पाठ फिलिप्पै शहरात फटक्यांनी फुटली होती. फिलिप्पै ही निवृत्त रोमन शिपायांना जमिनी देऊन वसवलेली वसाहत, तिथे नागरिकत्वाचा केवढा तोरा! तिथल्याच मंडळीला तो लिहितो की आपले नागरिकत्व स्वर्गातले आहे. प्रकटीकरणाचा अठरावा अध्याय तर उघड उघड रोमच्या बाजाराची यादी वाचतो: सोने, मोती, जांभळे वस्त्र, दालचिनी, गहू, गुरे आणि सगळ्यात शेवटी माणसे. ज्या बायबलात तेरावा आहे त्यातच अठरावाही आहे, उपदेशात मात्र पहिल्याचीच पाळी येते.

देवाने रोमचा उपयोग केला नाही, असे आम्ही म्हणत नाही. योसेफाला भावांनी विकले आणि देवाने त्यातून दुष्काळात लोक जगवले. म्हणून योसेफाने भावांना क्षमा केली, पण "तुम्ही वाईट योजले" हे तोंडावर सांगितले. विकल्याबद्दल त्यांना हार घातला नाही.

नाटकाची वही आम्ही या आठवड्यात पुन्हा लिहायला घेतली आहे. जमावातली निम्मी माणसे कमी केली आहेत. हात धुण्याच्या प्रवेशाआधी एक लहान प्रवेश घातला आहे, त्यात उघड्या मानेचे लोक कैसरियाच्या वाड्याबाहेर पडून आहेत. शिमोनाला दोन शिपाई दंडाला धरून ओढतील. फादरांनी वही वाचायला नेली आहे. तालीम रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर, शाळेच्या हॉलमध्ये. तांबडा झगा इस्त्री करून ठेवला आहे, त्यासाठी कोणी भांडायला येते का ते पाहू.