न धावणाऱ्या गाडीचा भाव



डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून निघते, मुंबई गाठते आणि संध्याकाळी परत फिरते. एका दिवसाचे धावणे झाले ३८४ किलोमीटर. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे एका मोटारीचा लिलाव झाला. १९९५ साली बनलेली ही मॅक्लारेन एफ-१ सव्वीस वर्षांत धावली होती सुमारे ३९० किलोमीटर. म्हणजे दख्खनच्या राणीची एका दिवसाची मजल. तिला किंमत आली २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे दीडशे कोटी रुपये!

परदेशी धनिकांच्या हौसेशी आपल्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. पण ही हौस आता गुंतवणूक म्हणून मांडली जात आहे. अमेरिकेत तर अशा दुर्मिळ गाड्यांचे लहान लहान हिस्से पाडून ते सामान्य माणसाला विकणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. तेव्हा हा भाव येतो कोठून आणि टिकतो कशावर, हे आपण समजून घेतलेले बरे.

गाडी उत्तम आहे यात शंका नाही. गॉर्डन मरे या अभियंत्याने ती आखली. बीएमडब्ल्यूचे बारा सिलिंडरचे इंजिन, कार्बन फायबरचा सांगाडा, चालकाची जागा मधोमध आणि इंजिनाची उष्णता परतवण्यासाठी चक्क सोन्याचा पत्रा. १९९५ साली तिच्या शर्यती रूपाने फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९९८ साली तिने ताशी ३८६ किलोमीटर वेग गाठला. नवी असताना किंमत पाच लाख पौंडांहून अधिक होती. मंदीच्या त्या काळात गिऱ्हाईक कमी मिळाले आणि १९९८ पर्यंत सर्व प्रकार मिळून १०६ गाड्याच बनल्या. त्यांतल्या रस्त्यावर चालवायच्या साध्या गाड्या ६४. आज ज्या दुर्मिळतेचे मोल सांगतात, तिचे मूळ खपाच्या या तुटवड्यात आहे!

२०१७ साली कॅलिफोर्नियातच दुसरी एक एफ-१ दीड कोटी डॉलरच्या वर गेली होती. चार वर्षांत दीडाचे दोन कोटी झाले, असा हिशेब लगेच मांडला जातो. पण त्या दोन वेगळ्या गाड्या होत्या आणि दुसरी जवळजवळ कोरी होती. वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके व्यवहार होतात, त्यांवरून व्याजदर काढणे म्हणजे दोन गाड्यांच्या वेळा पाहून सबंध वेळापत्रक लिहिण्यासारखे आहे.

त्याच काळातली दुसरी गाडी पाहा. जग्वार एक्सजे-२२०. (ही कंपनी २००८ पासून टाटांकडे आहे.) १९८८ साली बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात नमुना दिसला आणि पन्नास-पन्नास हजार पौंडांची अनामत भरण्यास झुंबड उडाली. ३५० गाड्यांची मर्यादा घातलेली. पुष्कळांचा बेत नोंदणी करून वाढीव भावाने विकण्याचा. पुढे ब्रिटनमध्ये मंदी आली. बारा सिलिंडरऐवजी सहा सिलिंडरचे इंजिन आले आणि किंमत चार लाख पौंडांपुढे गेली. मग त्याच गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. प्रकरण न्यायालयात गेले. कित्येकांनी वर पैसे मोजून करारातून सुटका करून घेतली. गाड्या तीनशेही बनल्या नाहीत आणि शेवटच्या काही खूप कमी दरात काढाव्या लागल्या. दुर्मिळ तीही होती, वेगवान तीही होती. मग फरक कोणता? एकीला पुढचा गिऱ्हाईक मिळाला, दुसरीला त्या घटकेला मिळाला नाही.

या धंद्याची मेख हीच. बंद मोटार ना व्याज देते, ना लाभांश, ना भाडे. उलट विमा, जागा, देखभाल यांचा खर्च चालूच. नफा होतो तो केवळ आपल्याहून अधिक पैसेवाला भेटला तर. एफ-१ ची संख्या वाढणार नाही आणि लहानपणी तिचे चित्र पाहिलेली पिढी आज श्रीमंत झाली आहे. म्हणून भाव काही काळ चढाही राहील. पण त्या पिढीनंतर कोण, याचे उत्तर कोणाहीपाशी नाही.

आणखी एक गंमत. ब्रिटनच्या कायद्यात खासगी मोटार विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही. मोटार वापराने झिजते, तिच्यात नफा कसला, हा त्यामागचा समज. जी गाडी झिजू नये म्हणून चालवलीच जात नाही, तिलाही ती सूट! आणि दिवसरात्र झिजणाऱ्या नोकरदाराचा कर मात्र पगारातूनच कापला जातो.

धनिकाने हा सट्टा खेळावा. बुडाला तरी त्याची चूल विझत नाही. आमचा आक्षेप आहे तो हाच न्याय कष्टकऱ्याच्या म्हातारपणाला लावण्यास. रेल्वे आणि टपाल खात्यात १ जानेवारी २००४ पासून लागलेल्या साथींची पेन्शन बाजाराशी जोडली गेली. खात्रीच्या रकमेचा पर्याय यायला १ एप्रिल २०२५ उजाडावे लागले. शेअर बाजार म्हणजे बंद मोटार नव्हे, कारखाने चालतात तेव्हा तेथे काही निर्माण होते, हे आम्ही मानतो. पण निवृत्तीच्या दिवशी भाव कोणता असेल, हे तेथेही आपल्या हाती नसते.

म्हणून उद्या कोणी दुर्मिळ गाडीचा हिस्सा घेऊन आपल्या दारी आला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू उद्या कोणीच विकत घेतली नाही, तर ती मला काय देईल? टपाल कचेरीतल्या आवर्ती ठेवीला या प्रश्नाचे उत्तर आहे. दीडशे कोटींच्या त्या मोटारीला नाही.